दोराच्या दुसऱ्या टोकाला

उत्तर कॅलिफोर्नियापासून ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतून थेट ब्रिटिश कोलंबियापर्यंत, पॅसिफिक महासागर आणि त्याला समांतर धावणाऱ्या पर्वतरांगा यांच्या दरम्यान जो पर्जन्यबहुल, धुक्याने वेढलेला प्रदेश पसरला आहे, तेथील वृक्षांची कल्पना सह्याद्रीच्या घाटात वाढलेल्या माणसालाही सहजासहजी करता येणार नाही. दोनशे-अडीचशे फूट उंचीचे डग्लस फर आणि त्याहूनही उंच जाणारे रेडवूड यांचे हे माहेरघर. त्यांच्या एकेका ओंडक्याचे वजन कित्येक टन भरते. या प्रदेशात लाकूडतोडीचा जो धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून भरभराटीस आला, त्याचा इतिहास बहुधा शहरे वसल्याचा, गिरण्या उभ्या राहिल्याचा आणि धनाढ्य मालकांच्या हवेल्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो निराळ्या अंगाने सांगावयाचा आहे. त्या जंगलात यंत्र शिरले आणि शक्ती चालविणारा मनुष्य व त्या शक्तीच्या वाटेत उभा असलेला मनुष्य हे एकमेकांपासून दुरावले. पुढच्या सव्वाशे वर्षांत या धंद्यातील सुरक्षिततेचा जो काही विचार झाला, तो बहुतेक सारा या दुराव्याची भरपाई करण्याच्या खटपटीतून झाला, असे माझे मत आहे.

यंत्रापूर्वीचे काम निर्धोक होते असे मात्र कोणी समजू नये. या वृक्षांचा बुंधा तळाशी फुगलेला व राळेने भरलेला असे, म्हणून तोडणारे दोघे जण जमिनीपासून आठ-दहा फुटांवर बुंध्यात खाचा पाडीत, त्या खाचांत फळ्या बसवीत आणि त्या अरुंद फळ्यांवर उभे राहून कुऱ्हाड व लांब आडवी करवत चालवीत. वृक्ष कलू लागला की त्याच फळीवरून उडी टाकून पळावयाचे. खाली पडलेला ओंडका ओढण्यासाठी बैलांच्या जोड्यांमागे जोड्या जुंपलेल्या असत आणि वाटेवर आडव्या टाकलेल्या लाकडांना माशाचे तेल चोपडून ती निसरडी केलेली असत. हेन्री येस्लर याने १८५३ साली सिअॅटल येथे वाफेवर चालणारी लाकूडगिरणी घातली, तेव्हा तिच्याकडे ओंडके उतरत ते अशाच वाटेने. या साऱ्या व्यवहारात माणसे मरत, अपंग होत. पण ओढणारी शक्ती ही सजीव होती आणि तिला हाकणारा तिच्या शेजारून पायी चालत असे. ओंडका खुंटाला अडला की बैल आपणहून थांबत. माणूस खाली सापडला की हाकणाऱ्याला ते त्याच क्षणी दिसे. आपल्याकडे गडचिरोलीच्या सागवानी जंगलात हत्तींकडून ओंडके ओढवीत, तेथेही माहूत, हत्ती आणि ओंडका ही तिन्ही एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असत. शक्तीला स्वतःचे डोळे असणे ही केवढी मोठी सुरक्षितता होती, हे ती गेल्यावर कळले.

ती गेली १८८१ साली. कॅलिफोर्नियातील युरेका गावी डॉल्बीर आणि कार्सन या नावाची लाकडाची पेढी होती; तिचा भागीदार जॉन डॉल्बीर हा पूर्वी नौदलात एंजिनिअर होता आणि जहाजावर नांगर व माल उचलण्यासाठी जी लहान वाफेची इंजिने असत, त्यांचा त्याला चांगला परिचय होता. त्याने तसलेच एक इंजिन लाकडाच्या जाड पाटांवर बसविले : उभा बॉयलर, एक सिलिंडर आणि बाजूला फिरणारा एक दंडगोल, ज्याभोवती मनिला दोराचे वेढे द्यावयाचे. पुढच्या वर्षी त्याला या इंजिनाचे पेटंट मिळाले. दोराचे मोकळे टोक घोडा ओढीत जंगलात नेई, तेथे ते ओंडक्याला बांधीत आणि मग वाफ सोडली की बैलांच्या साऱ्या रांगेला जे साधत नसे ते हे ठेंगणे यंत्र हातोहात करी. लोक त्याला ‘डाँकी’ म्हणत. थोड्याच वर्षांत दोर पोलादी तारांचा झाला, इंजिनावर दोन ढोल आले, आणि दुसऱ्या ढोलावरचा बारीक दोर दूरच्या कप्पीवरून फिरून मुख्य दोराचे टोक परत जंगलात नेऊ लागल्यावर घोड्याचीही गरज उरली नाही. हजार फुटांवरचा ओंडका आता जागेवरून ओढता येऊ लागला.

आता हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. दोराच्या एका टोकाला इंजिनवाला आहे. बॉयलरचा घरघराट आणि वाफेचे लोट यांत त्याला दहा हातांपलीकडचा शब्द ऐकू येत नाही. दुसऱ्या टोकाला, टेकडीच्या वळणापलीकडे, पडलेल्या झाडांच्या आणि मोडक्या फांद्यांच्या कंबरभर पसाऱ्यात फास घालणारा मजूर आहे. तो ओंडक्याखालची माती हाताने उकरून तारेचा फास पलीकडे सरकवितो, त्यासाठी कित्येकदा छातीवर आडवा होतो, गाठ अडकवितो आणि मग त्याने मागे सरून उभे राहावयाचे, की दोर ताणावयाचा. त्या मागे सरण्याला लागणारे काही क्षण हेच त्याचे आयुष्य. इंजिनवाल्याला ते क्षण दिसत नाहीत. या दोघांच्या मध्ये, दोघांना नाही तरी निदान एकाला पाहता येईल अशा उंचवट्यावर, एक पोरगा उभा केलेला असे; त्याच्या हातातील लांब तार इंजिनाच्या शिट्टीला जोडलेली असे. दूरवरच्या माणसाने हात वर केला की याने तार ओढावयाची. एक आखूड शिट्टी म्हणजे दोर उभा असेल तर चालवा, चालता असेल तर थांबवा. अशा शिट्ट्यांची एक संपूर्ण भाषा सिद्ध झाली आणि पुढे ती सरकारी नियमांतही दाखल झाली. तीत सात दीर्घ आणि मागोमाग दोन ऱ्हस्व शिट्ट्यांचा अर्थ एवढाच होता की माणूस जखमी झाला आहे, डोली व वाहन आणा. हा संकेत ठरवून ठेवावा लागला आणि जंगलात नव्याने आलेल्या प्रत्येकाला तो पाठ असावा लागे, यावरून तो किती वेळा वाजत असेल याचा अंदाज येतो. साऱ्या तुकडीत सर्वांत कमी मजुरीच्या या पोराच्या लक्षावर कित्येक प्रौढ माणसांचे प्राण टांगलेले असत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या पद्धतीला आणखी उंची आली, आणि ती शब्दशः उंची होती. जमिनीवरून घासत येणारा ओंडका खुंटांना अडे, दोर तुटे, वेळ जाई. म्हणून जंगलातील एक उंच, सरळ वृक्ष निवडून त्याच्या शेंड्याजवळ मोठी कप्पी टांगण्याची आणि दोर तिच्यावरून घेण्याची चाल पडली, ज्यामुळे ओंडक्याचे पुढचे टोक उचलले जाऊन तो अर्धा तरंगत येई. या वृक्षाचा शेंडा आधी छाटावा लागे. पायांना पोलादी काटे, कमरेला पट्टा आणि त्या पट्ट्यातून निघून बुंध्याभोवती गेलेला, आत तार गुंफलेला दोर, एवढ्या साधनांवर एक मनुष्य दीडशे ते दोनशे फूट वर चढे, वाटेतल्या फांद्या छाटीत जाई आणि वर पोहोचल्यावर कुऱ्हाडीने व करवतीने शेंडा कापी. शेंडा कोसळताना उरलेला खांब मागे झोकांडी खाऊन कित्येक फूट डोलू लागे आणि चढणारा त्याला बिलगून ते डोलणे सहन करी. एवढ्यावर भागले तर ठीक. पण कापताना लाकूड उभे चिरले, तर फाकणारा बुंधा त्याच्या कमरेभोवतीच्या दोराला आतून ताण देई आणि ज्या दोराने त्याला पडण्यापासून राखले होते, तोच त्याला बुंध्यावर आवळून चिरडी. छायाचित्रकारांना या शेंडा छाटणाऱ्याचे मोठे आकर्षण होते, आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र गाजली. फास घालणाऱ्याचे छायाचित्र त्या मानाने क्वचितच दिसते, आणि हा मला अन्याय वाटतो.

दोर आणि कप्पी यांच्या या पसाऱ्यातून मजुरांनी आपल्या अनुभवाने जे नियम काढले, ते कोणत्याही सरकारी जाबत्यापेक्षा जुने आहेत. ताणलेला दोर जेथे कप्पीवरून किंवा खुंटावरून वळतो, त्या वळणाच्या आतल्या बाजूला कोणीही, क्षणभरसुद्धा, उभे राहावयाचे नाही. कारण खुंट उपटला किंवा कप्पीचा आधार सुटला, की दोर सरळ होताना त्या आतल्या जागेतून विजेसारखा जातो. आजच्या प्रत्येक प्रशिक्षणात हा नियम पहिल्या दिवशी शिकविला जातो, आणि तो कागदावर उतरण्यापूर्वी किती जणांच्या मरणाने सिद्ध झाला, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

आणि दप्तर असते तरी त्याचा उपयोग काय झाला असता? त्या काळचा कायदा मजुराच्या बाजूचा नव्हता. जखमी मजुराने किंवा मेलेल्याच्या विधवेने मालकावर फिर्याद केली, तर मालकापाशी बचावाची तीन शस्त्रे तयार असत : धोका ठाऊक असूनही मजुराने काम पत्करले, अपघात मालकाच्या नव्हे, दुसऱ्या एखाद्या मजुराच्या चुकीने झाला, किंवा जखमी झालेल्याने स्वतःच काही कसूर केली. दोराच्या एका टोकाला एक मजूर आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, अशा कामात दुसरा बचाव तर जवळजवळ प्रत्येक अपघाताला लागू पडे. इंजिनवाला दोषी, शिट्टीचा पोरगा दोषी. ज्याने ते दोघे एकमेकांना दिसणार नाहीत अशी कामाची रचना केली आणि तिच्यातून नफा घेतला, तो मात्र मोकळा. या धंद्यातील क्रौर्याचे मूळ मला यंत्रापेक्षा या न्यायशास्त्रात अधिक दिसते.

म्हणूनच वॉशिंग्टन राज्याने १९११ साली केलेला नुकसानभरपाईचा कायदा ही या इतिहासातील मोठी घटना मानली पाहिजे. त्या कायद्याने धोक्याच्या धंद्यांतील अपघात दिवाणी दाव्यांच्या कक्षेतून काढून घेतले; चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला; प्रत्येक मालकाने आपल्या धंद्याच्या धोक्याच्या प्रमाणात आणि मजुरीच्या रकमेवर ठराविक आकार सरकारी निधीत भरावा आणि त्या निधीतून जखमींना व मृतांच्या कुटुंबांना पैसे मिळावेत, अशी तजवीज केली. मजुराने याच्या मोबदल्यात दावा लावण्याचा हक्क सोडला. एका लाकूड कंपनीने, तिचे नाव माउंटन टिंबर कंपनी, हा आकार भरण्यास नकार दिला आणि वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. दक्ष मालकाने बेफिकीर मालकाच्या अपघातांचा खर्च का सोसावा, हा तिच्या युक्तिवादाचा एक भाग होता. १९१७ साली न्यायालयाने पाचविरुद्ध चार मतांनी कायदा उचलून धरला. एका मताच्या फरकाने हे तत्त्व तगले, ही गोष्ट मला वारंवार आठवते. कारण त्या दिवसापासून, निदान त्या राज्यात, जंगलातील मृत्यू हा मालकाच्या जमाखर्चात मांडावा लागणारा खर्च झाला, आणि जो खर्च मांडावा लागतो तो कमी करण्याचा विचार मालकाच्या मनात आपोआप येतो. ब्रिटिश कोलंबियाचा तशा प्रकारचा कायदा त्याच १९१७ सालच्या आरंभी अंमलात आला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वायव्येकडील जंगलांत मोठा संप झाला. आठ तासांचा दिवस, राहण्याच्या लाकडी बराकींत स्वच्छता, आणि स्वतःचे अंथरूण पाठीवर वाहून नेण्याच्या सक्तीतून मुक्तता, या मजुरांच्या ठळक मागण्या होत्या. महायुद्ध चालू होते, विमानांसाठी स्प्रूसचे लाकूड हवे होते, तेव्हा सैन्याने यात हात घातला. कर्नल ब्राइस डिस्क याच्या हाताखाली हजारो सैनिक जंगलात कामाला लागले, सरकारच्या आश्रयाने मजूर व मालक यांची एकत्र संघटना उभी राहिली, संपात उतरलेल्या जहाल मजूर संघटनेवर दडपशाही झाली, आणि १९१८ च्या १ मार्चपासून आठ तासांचा दिवसही लागू झाला. सुरक्षिततेच्या इतिहासात या संपाचा उल्लेख फारसा होत नाही. पण दहा तास चिखलात फास घातल्यावर शेवटच्या तासाला माणसाचे पाऊल ज्या मंदपणे मागे सरते, त्याचा विचार केला म्हणजे कामाचे दोन तास कमी करणे हाही सुरक्षिततेचाच नियम होता, हे पटते.

डोक्यावरच्या कठीण टोपीची हकीकत थोडक्यात सांगता येईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या बुलार्ड कंपनीने १९१९ साली कॅनव्हास व सरस यांची, वाफेवर आकार दिलेली टोपी खाणकामगारांसाठी काढली. पुढे अॅल्युमिनियमच्या टोप्या निघाल्या आणि जंगलातही रूढ झाल्या. दोनशे फुटांवरून पडणाऱ्या वाळक्या फांदीपुढे टोपीचे काय चालणार. पण लहान फांद्या अधिक पडतात, आणि तेवढे जीव तिने वाचविले.

दुसरे यंत्र आले ते हातात. आंद्रेआस श्टील याने १९२६ साली जर्मनीत विजेवर चालणारी साखळीची करवत काढली, तिचे वजन ६४ किलो होते आणि ती चालवावयास दोन माणसे लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही करवत हलकी, पेट्रोलवर चालणारी व एकहाती झाली. जोसेफ कॉक्स नावाचा ऑरेगनचा एक लाकूडतोड्या १९४६ साली एका ओंडक्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पाहत बसला. ती आपल्या दोन जबड्यांनी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, लाकडाच्या तंतूंना आडवी आणि त्यांच्या दिशेनेही सहज वाट काढीत होती. त्यावरून त्याने साखळीच्या दातांची नवी रचना केली आणि जगातील बहुतेक चेनसॉ आजही त्याच तत्त्वावर कापतात. लाकडाच्या इतिहासात निरीक्षणाचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पण या करवतीने दोन नवी दुखणी आणली. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की फिरती साखळी अडते आणि सारे यंत्र चालविणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे उसळते. हे इतक्या वेगात घडते की हात आवरण्यास अवसर नसतो. दुसरे दुखणे सावकाश येई. वर्षानुवर्षे हादरे सोसलेल्या हातांची बोटे थंडीत पांढरीफटक पडत, बधिर होत. शर्टाची गुंडी लावता येईनाशी होई. पहिल्यावर मुठीपुढची ढाल व उसळताक्षणी साखळी थांबविणारा ब्रेक हा उपाय निघाला, आणि दुसऱ्यावर मूठ व इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग बसविण्याचा. हादरे कमी करणाऱ्या मुठी १९६० नंतर आणि साखळीचे ब्रेक १९७० नंतर प्रचारात आले. म्हणजे एकहाती करवत सर्वत्र पसरल्यावर वीस-पंचवीस वर्षे माणसांनी आपल्या हातांनी व चेहऱ्यांनी तिची चाचणी केली.

दरम्यान वाफेची इंजिने मागे पडून पट्ट्यांचे ट्रॅक्टर जंगलात शिरले होते. शक्ती चालविणारा पुन्हा ओंडक्याजवळ आला खरा, पण आता धोका त्याच्या बुडाखालीच होता : उतारावर ट्रॅक्टर उलटला की चालक त्याखाली जाई. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांवर उलटल्यावरही न चेपणारी मजबूत चौकट सक्तीची केली. जंगलातील यंत्रांना त्याखेरीज वरून पडणाऱ्या वस्तूंपासून छत आणि आत घुसणाऱ्या फांद्यांपासून जाळी लागली. पुढे झाड बुंध्याशी पकडून कापणारी व उचलून बाजूस ठेवणारी यंत्रे आली आणि तोडणारा मनुष्य प्रथमच पोलादी कोठडीच्या आत बसला. वेस्ट व्हर्जिनियातील कंपन्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. अशी यंत्रे घेतल्यानंतर त्या कंपन्यांतील दुखापतींचे प्रमाण पूर्वीच्या जवळपास चौथाईवर आल्याचे त्यात दिसले. यंत्राच्या विरुद्ध बोलणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. या बंद कोठडीलाही तिचे स्वतःचे भय आहे : यांत्रिक करवतीची साखळी तुटली, तर तिचे सुटे दुवे बंदुकीच्या गोळीसारखे फेकले जातात, म्हणून काचेच्या जागी जाड पॉलिकार्बोनेट बसवितात आणि पात्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देत नाहीत.

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने व्यावसायिक सुरक्षिततेचा कायदा १९७० साली केला, परंतु लाकूडतोडीचे त्याखालील नियम केवळ कागदाच्या लगद्यासाठी होणाऱ्या तोडीपुरते होते. ते सर्व तोडीला लागू होण्यास १९९४ साल उजाडले. शेजारी शेजारी काम करणाऱ्यांत निदान दोन वृक्षांच्या उंचीइतके अंतर असावे, प्रत्येक जण दुसऱ्या कोणाच्या तरी दृष्टीच्या किंवा आवाजाच्या टप्प्यात असावा, प्रत्येकास प्रथमोपचार यावा, यंत्रावर संरक्षक चौकट असावी, असे त्यांत आहे. दृष्टीच्या किंवा आवाजाच्या टप्प्यात असण्याच्या त्या एका कलमात शिट्टीच्या पोराची सारी कर्मकथा आली आहे.

तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. २०१६ साली अमेरिकेत लाकूडतोडीच्या कामात ९१ माणसे मेली. दर लाख कामगारांमागे हे प्रमाण १३५.९ होते, आणि सर्व धंद्यांची सरासरी ३.६. ब्रिटिश कोलंबियात २००५ साली एकट्या वनव्यवसायात ४३ मृत्यू झाले. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली दहा. या दोन्ही ठिकाणी झालेल्या चौकशांतून जे पुढे आले त्यात यंत्राच्या दोषांइतकेच कामाच्या मांडणीचे दोष होते : लांबलेले दिवस, थकवा, अपुरे शिक्षण, आणि मोठ्या कंपनीकडून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून पोटठेकेदाराकडे उतरत जाणारी जबाबदारी. लाकडाचा दर वरच ठरलेला असतो. तो ठरविणारा कार्यालयात असतो आणि त्या दरात काम उरकणारा उतारावर. १९११ च्या कायद्याने जे अंतर एका परीने मिटविले होते, ते ठेक्यांच्या साखळीने पुन्हा निर्माण केले, असे मला वाटते, आणि अशा वेळी जमिनीच्या किंवा लाकडाच्या मूळ मालकावर उत्तरदायित्व ठेवणारा कायदा हाच खरा उपाय आहे.

ब्रिटिश कोलंबियाने हाताने वृक्ष पाडणाऱ्यास प्रमाणपत्र अनिवार्य केले. न्यूझीलंडने तीव्र उतारावरून पायी काम करणारा माणूसच काढून घेण्याचा मार्ग धरला : डोंगरमाथ्यावर एक जड यंत्र रोवून त्याच्या तारदोराने तोडणी यंत्राला आधार द्यावयाचा आणि चालकासह ते उतारावर सोडावयाचे. ही पद्धत आता वॉशिंग्टन व ऑरेगनच्या डोंगरांतही आली आहे. यंत्राचा भार दोरावर टांगू नये, दोर केवळ चाकांना व पट्ट्यांना पकड देण्यापुरता असावा, त्याचा ताण सतत मोजला जावा आणि झिजलेला दोर वेळेवर बदलावा, अशी बंधने तिच्यावर आहेत. ज्या कड्यांवर, घळींत आणि अजस्र वृक्षांपाशी असे यंत्रही पोहोचत नाही, तेथे अजून चेनसॉ घेऊन मनुष्य जातो. जाण्यापूर्वी पळण्याच्या दोन वाटा साफ करतो, वरची वाळकी फांदी न्याहाळतो, आणि कमरेच्या रेडिओवर आपली जागा सहकाऱ्याला कळवितो.